मायनर म्हणून खगोलशास्त्र घ्यावे का?

प्रश्न : मी बी.एस्सी.ला असून माझा मेजर (मुख्य) विषय संख्याशास्त्र आहे. आकाशनिरीक्षणाच्या आवडीमुळे मायनर (दुय्यम विषय) म्हणून खगोलशास्त्र घ्यावेसे वाटते. घरच्यांचा आग्रह मात्र भौतिकशास्त्राचा आहे. आमच्याकडे दोन्ही विषय उपलब्ध आहेत. काय निवडावे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पुढे खगोलभौतिकीतच संशोधन करण्याचा तुमचा विचार पक्का असेल, तर घरच्यांचे ऐकावे. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेत खगोलशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते, आणि यामिकी, विद्युतचुंबकत्व व क्वांटम सिद्धांत कच्चे राहिले, तर ताऱ्यांविषयीचे वाचन कितीही असले तरी त्या वाटेवर ते पुरे पडत नाही.

संख्याशास्त्रातच राहायचे असेल, तर मात्र खगोलशास्त्र निःशंकपणे घ्यावे. या दोन विषयांचे नाते जुने आहे. १८०१ साली सापडून सूर्याच्या उजेडात दिसेनाशा झालेल्या सेरेस या बटुग्रहाची कक्षा जर्मन गणिती गाऊसने मोजक्या नोंदींवरून काढली आणि तुम्ही वर्गात शिकता ती लीस्ट स्क्वेअर्सची (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याची) पद्धत त्याने १८०९ मध्ये खगोलांच्या गतीवरील ग्रंथातच मांडली. आज पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमधील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांतून गोंगाट वेगळा काढणे, हेही बऱ्याच अंशी तुमच्याच विषयाचे काम आहे.

आपली आवड पाहण्याची आहे की मोजण्याचीही, हे आधी तपासून पाहावे. दिवाळीनंतर ययाती तारकासमूहातील अल्गॉल हा तारा संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा जोडीदार तारा त्याच्या आड येतो आणि त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाने प्रतीचा अंदाज वहीत नोंदवावा आणि महिनाभराच्या नोंदींवरून आलेख काढावा. (पुण्याच्या उजेडात हे जमेल, पण शहराबाहेर मन अधिक रमेल.) ढगाळ रात्रींमुळे राहिलेल्या रिकाम्या जागांचे काय करायचे, हा प्रश्न तुम्हाला कंटाळवाणा वाटण्याऐवजी छळू लागला, तर विषय तुमचा आहे.

अर्ज भरण्यापूर्वी विभागातून अभ्यासक्रमाची प्रत अवश्य मागून घ्यावी. त्यात प्रात्यक्षिके आणि निरीक्षणांच्या नोंदींवरील काम नसेल, केवळ ग्रह-नक्षत्रांची ओळख असेल, तर तेवढे तुम्हाला आधीच येत असणार. अशा वेळी भौतिकशास्त्र घ्यावे.