मग मोरगावनंतर त्यांनी पाणी का घेतलं नाही?

प्रिय ताई,
'स्वतःचं घर झालं की अष्टविनायक करीन' असा माझ्या सासूबाईंचा नवस होता. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत. मे महिन्यात सात सीटची गाडी घेऊन आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे असे सहाजण निघालो. मोरगावला दर्शन फार छान झालं. सिद्धटेकहून निघालो आणि दौंडजवळ टायर फुटला. भर उन्हात एका अनोळखी मुलाने स्टेपनी बसवून दिली, पैसेही घेतले नाहीत. मला तर त्याच्यात देवच दिसला. धाकट्याला उलट्या होत होत्या, त्याच्यासाठी तीन-चारदा थांबलो. तरी थेऊर, रांजणगाव झालं. ओझरला मुक्काम केला, सकाळी तिथलं दर्शन घेतलं. लेण्याद्रीला मात्र निम्म्या पायऱ्यांवर सासूबाईंना चक्कर आली (त्या प्रवासात पाणीच घेत नाहीत, दर्शन होईपर्यंत नको म्हणतात). तिथूनच घरी परतलो. लेण्याद्री, महड आणि पाली राहिले. 'माझ्याच भक्तीत खोट' म्हणून सासूबाई रडतात. नवरा म्हणतो, देव असता तर असं झालंच नसतं. आता तो देवघरात दिवाही लावत नाही. देव आमची परीक्षा घेत होता असं मला वाटतं. नवऱ्याची श्रद्धा परत कशी आणू?
– एक सून, चिंचवड

---

एवढ्या पत्रात तुम्ही एकच वाक्य कंसात टाकलंय, आणि मला बोलायचंय ते त्याच वाक्याबद्दल. नवऱ्याच्या श्रद्धेचं नंतर बघू.

दर्शन होईपर्यंत पाणी नको. बरं. मोरगावला दर्शन झालं, मग घेतलं का पाणी? सिद्धटेकला झालं, थेऊरला झालं, रांजणगावलाही झालं. दिवसभरात चार गणपती झाले आणि बाई तहानलेलीच. हा कुठला नेम? खरंच नेम असता तर मोरगावच्या पायऱ्या उतरल्या उतरल्या त्या तांब्याभर पाणी प्यायल्या असत्या. त्या प्यायल्या नाहीत, कारण प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे हे तुमच्यापैकी कुणी ठरवलंच नव्हतं. देवाचं नाव पुढे केलं की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही, हे त्यांच्या पिढीच्या बायकांना चांगलं ठाऊक आहे.

त्या गाडीत कुठे बसल्या होत्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी सांगते. पुढे दोघे पुरुष, मधे तुम्ही आणि उलट्या करणारा धाकटा, अगदी मागे आजी आणि मोठं नातवंड. असंच ना? त्या मागच्या सीटवरून बाहेर यायचं तर आधी गाडी थांबवायची, मधल्यांनी उतरायचं, सीट दुमडायची, मग गुडघे सांभाळत, वाकून, कुणाचा तरी हात धरून बाहेर पडायचं. म्हणजे आपल्याला लघवीला जायचंय हे नवऱ्याला, मुलाला, नातवंडांना, सगळ्यांना जाहीर करायचं. त्यापेक्षा ओठ कोरडे राहिलेले बरे, असं ठरवणारी बाई तुमच्या-माझ्या प्रत्येकीच्या घरात आहे.

थांबलात तीन-चारदा, मान्य. पण उलटीसाठी गाडी थांबते ती रस्त्याच्या कडेला, जिथे असेल तिथे. पुरुषांनी तेवढ्यात बाभळीमागे जाऊन आपलं आटोपलं असेल. अडुसष्ट वर्षांच्या बाईने काय करायचं होतं?

म्हातारपणी तहान लागल्याचं शरीराला नीट कळतही नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी पुष्कळ जणी ती गोळीच गुपचूप टाळतात. सासूबाईंनी टाळली होती का, विचारा. दीड दिवस सुकलेल्या अंगाने मे महिन्यात लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायला घेतल्या तर तरण्याताठ्या माणसालाही घेरी येईल. चक्कर येण्याची दुसरीही कारणं असू शकतात, म्हणून डॉक्टरांकडे न्याच. आणि नेलंत की मुलाला बाहेर बसवा, तुम्ही आत जा. खोकताना, शिंकताना थेंब गळतात का, जोराची लागली तर धरून ठेवता येते का, हे त्यांनी मुलासमोर मेले तरी सांगितलं नसतं. बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांना हा त्रास होतो. व्यायामाने आणि औषधाने तो बराच आटोक्यात येतो. त्या मात्र वर्षानुवर्षं पाणी कमी करून भागवतात.

देव परीक्षा घेत होता म्हणता. घेतली असेल, पण पेपर कुठे होता ते बघा. काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथांनी ती वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट तुम्हीही मुलांना सांगितली असेल. गाढवाने नाथांकडे पाणी मागितलं नव्हतं. स्टेपनी बसवणाऱ्या पोरात तुम्हाला देव दिसला, म्हणजे नजर चांगली आहे तुमची. फक्त ती सतत काचेबाहेर होती.

आणि हो, तुम्ही स्वतः किती पाणी प्यायलात? पत्रात नाही. माझा अंदाज, दोन-चार घोट. म्हणूनच तर सासूबाईंचं न पिणं तुम्हाला कंसात टाकण्याइतकं साधं वाटलं.

नवऱ्याला दिव्यावरून टोकू नका. आई पायरीवर मट्कन बसलेली पाहून तो घाबरलाय, आणि गाडी दीड दिवस त्याच्याच हातात होती. 'देव नाही' म्हणणं सोपं आहे. 'मी आईला एकदाही विचारलं नाही' हे तोंडातून निघायला वेळ लागतो. लावेल दिवा, नाही लावला तर तुम्ही लावा. सासूबाईंचं रडणं मात्र मला बघवत नाही. त्यांना आजच सांगा की खोट तुमच्या भक्तीत नव्हती, आमच्या बेतात होती. एका दिवसात चार गणपती उरकणं हा टूरवाल्यांचा हिशेब झाला. गणपती काही बँक नाही, हप्ता लांबला म्हणून दंड लावायला.

दिवाळीनंतर, ऊन उतरलं की, उरलेले तीन करा. आधी महड आणि पाली, सावकाश, एका दिवसात. चिंचवडहून द्रुतगती मार्गाने निघालात तर वाटेत फूड मॉल आहेत, खोपोलीकडे पेट्रोल पंप आहेत. कुठे थांबायचं ते निघण्याआधीच नवऱ्यासोबत बसून ठरवा. सासूबाई पुढच्या सीटवर, सासरे मागे. ते कुरकुरतील, कुरकुरू देत. दर तास-दीड तासाने गाडी थांबलीच पाहिजे, कुणी मागो न मागो. आणि थांबली की 'आई, तुम्हाला जायचंय का?' असं अजिबात विचारायचं नाही, उत्तर 'नाही' असंच येणार. आधी तुम्ही उतरा आणि म्हणा, 'आई, मला जायचंय, चला ना माझ्यासोबत.' सोबत म्हणून त्या लगेच येतील. परत आलात की बाटली आधी तुम्ही तोंडाला लावा, मग त्यांच्या हातात द्या.

लेण्याद्रीसाठी वेगळा दिवस ठेवा. तिथे डोली मिळते. सासूबाई नको नको म्हणतील, पायी चढल्याशिवाय पुण्य नाही म्हणतील, खर्चाचं काढतील. ऐकू नका, खाली पोचल्या पोचल्या डोली ठरवून टाका.