खांब नव्हे, बूड तपासा: लवचीक पट्टीवरचे उभे इलेक्ट्रोड

प्रश्न थोडक्यात असा: पीडीएमएसच्या (रबरासारख्या सिलिकॉनच्या) पट्टीवर ५० मायक्रॉन व्यासाचे, १०० मायक्रॉन उंचीचे सोन्याचे खांबासारखे इलेक्ट्रोड प्लेटिंगने (विजेच्या मदतीने द्रावणातून धातू चढवून) वाढवलेत, पट्टी सपाट असेपर्यंत सगळे चालतात, वाकवली की एकेक बंद पडतो. आता प्लेटिंग सोडून सिल्व्हर इंकने (चांदीच्या कणांच्या शाईने) थ्रीडी प्रिंट करावं का?

प्रिंटरकडे वळण्याआधी नमुना मायक्रोस्कोपखाली घ्या, मल्टिमीटर जोडा आणि पट्टी हळूहळू वाकवा. खांब ताठच राहतो. बघायचं ते त्याच्या बुडाशी, पातळ ट्रॅक (वीज नेणारी धातूची रेघ) खांबाला मिळतो त्या कडेला. तिथे बारीक अर्धगोल चीर उघडेल आणि रीडिंग उडेल. पट्टी सरळ केली की चीर मिटते, रीडिंगही बऱ्याचदा परत येतं. त्यामुळेच टेबलावर सगळं ठणठणीत वाटतं.

सोन्याचा यंग्ज मोड्युलस (ताठपणाचं माप) सुमारे ७९ गिगापास्कल, पीडीएमएसचा जेमतेम २ मेगापास्कल. फरक जवळजवळ ४०,००० पट. खांबाखालचा भाग ताणला जात नाही, आजूबाजूचं रबर मात्र ताणलं जातं, आणि सगळी स्ट्रेन (ताणल्याने लांबीत होणारा बदल) त्या कडेवर गोळा होते. चांदीचा खांब छापलात तरी तुटणार तिथेच. वर बहुतेक सिल्व्हर इंक १२०–१५० अंश सेल्सिअसला सिंटर कराव्या लागतात, म्हणजे तापवून कण एकमेकांना जोडावे लागतात. पीडीएमएसला तेवढं तापमान सोसतं, पण ते तापल्यावर धातूच्या कितीतरी पट प्रसरण पावतं आणि थंड होताना ट्रॅकला सुरकुत्या पाडतं.

मी असतो तर खांबच मऊ केला असता. एसयू-८च्या (प्रकाशाने कडक होणाऱ्या रेझिनच्या) साच्यात पीडीएमएस ओतून पट्टी आणि खांब एकाच तुकड्यात काढायचे आणि वरून धातूचा पातळ थर द्यायचा. साच्याला आधी फ्लुओरोसिलेनची (चिकटू न देणाऱ्या रसायनाची) वाफ द्या, नाहीतर खांबांची डोकी साच्यातच राहतात. ओतल्यावर व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे निघू द्या. खांब सरळसोट न ठेवता वर थोडा निमुळता ठेवा. त्याने साच्यातून सुटतो सहज, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाजूंवर धातू बसतो. इव्हॅपोरेशनमध्ये (धातूची वाफ करून थर देताना) धातू सरळ रेषेत येतो, उभ्या भिंतीवर जवळजवळ काहीच चढत नाही. स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर देणं) बरं, नमुना तिरका धरून फिरवता आला तर उत्तम. थर एका दमात देऊ नका, मध्ये मध्ये थांबून नमुना गार होऊ द्या. धातू धरून राहावा म्हणून खाली ५–१० नॅनोमीटर टायटॅनियम किंवा क्रोमियम हवंच. थर चिकटावा म्हणून आधी पृष्ठभागाला देतात तो ऑक्सिजन प्लाझ्मा मात्र बेताने: जास्त झाला की पृष्ठभागावर काचेसारखी कडक साल धरते आणि ती धातूला घेऊन तडकते. खांब आणि पट्टी मिळतात तो कोपराही काटकोनी न ठेवता गोलसर करा. निम्मं काम तिथेच होतं.

ऊतीत घुसवायचे म्हणून टणक खांबच हवे असतील, तर खाली पीडीएमएसऐवजी पॉलिइमाइड (वाकणारं पण सहसा न ताणणारं प्लास्टिक) घ्या. वाकवताना पृष्ठभागावरची स्ट्रेन म्हणजे जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. १०० मायक्रॉनची पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर १ टक्का, २५ मायक्रॉनची घेतली तर पाव टक्का. ट्रॅकवर तेवढ्याच जाडीचा दुसरा थर दिला की ट्रॅक मधल्या पातळीवर येतो आणि स्ट्रेन शून्याच्या आसपास उतरते. खांबाखाली त्याच्यापेक्षा रुंद पॅड (धातूचा सपाट तुकडा) ठेवा आणि तिथून पुढे ट्रॅक नागमोडी न्या. प्लेटिंग रेझिस्टच्या (खांबाला साचा म्हणून लावलेल्या थराच्या) काठाखालीच थांबवा. सोनं ओसंडलं की डोक्यावर छत्री तयार होते आणि रेझिस्ट काढताना खांबच उपटला जातो.

द्रवधातूचंही कोणीतरी सुचवेलच. गॅलियम-इंडियमचा धागा ऑक्साइडच्या पातळ सालीमुळे उभा राहतो हे खरं, पण बोट लागलं की आडवा. पीडीएमएसच्या आत पुरलेल्या ट्रॅकसाठी ठीक, उघड्या टोकासाठी नाही.

आणि उंची हवी कशाला, हे एकदा ठरवा. संपर्काचं क्षेत्रफळ वाढवायचं असेल तर तुमच्या मापाचा खांब त्याच व्यासाच्या सपाट चकतीच्या ९ पट क्षेत्रफळ देतो. पण बाजू पॅरिलीनने (विद्युतरोधक प्लास्टिकच्या थराने) झाकून फक्त टोक उघडं ठेवलंत, तर तो सगळा फायदा गेला. मग उंचीचा उपयोग केस किंवा घामाचा थर ओलांडून टेकण्यापुरताच.

पट्टीची जाडी, वाकवण्याची त्रिज्या आणि इलेक्ट्रोड त्वचेवर बसणार की आत जाणार, एवढं लिहा. मग पॅडची आणि ट्रॅकची मापं सांगता येतील.