वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधील घोडागाड्यांच्या सराया

प्रश्न : लंडनच्या सदर्क भागातल्या 'द जॉर्ज' सराईत लाकडी सज्जे चौकाच्या एकाच बाजूला दिसतात. मुळातच अशी रचना होती का? आणि खोल्यांकडे जाण्याची वाट बाहेरून का?

उत्तर : नाही. 1676च्या आगीनंतर 1677मध्ये ही सराई नव्याने बांधली, तेव्हा चौकाभोवती इतरही बाजू होत्या. रेल्वे कंपनीने 1889मध्ये त्या पाडल्या आणि दक्षिणेची तेवढी राहिली. 1937पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. जुना चौक अधिक पूर्ण रूपात पाहायचा असेल, तर ग्लॉस्टरची 'न्यू इन' पाहावी. ती 1450च्या सुमाराची, मूळची मठाने यात्रेकरूंसाठी बांधलेली आहे. घोडागाड्या पुढे कित्येक वर्षांनी आल्या, पण तीच मांडणी त्यांना सोयीची ठरली.

सज्जा म्हणजे बाहेर काढलेला जाण्या-येण्याचा रस्ता. चौकातून जिना चढला की प्रत्येक खोलीचे दार थेट सज्ज्यावर उघडते. आतली जागा वाटेत खर्च होत नाही आणि गाडी आली की वरूनच कळते. याची किंमत मात्र लाकूड मोजते. सज्ज्याच्या फळ्यांवर पाऊस येतो, उतार आतल्या बाजूला झाला की पाणी भिंतीकडे धावते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजतात. पाहणी नेहमी तिथूनच सुरू करावी.

प्रश्न : सराईचे मोजमाप घेऊन प्रतिकृती करायची आहे. प्रवेशकमानीची उंची कशी ठरवावी?

उत्तर : आजच्या फरशीपासून मोजलेली उंची मूळची समजू नका. शतकानुशतके थरावर थर पडून जमीन वर येते. कमानीच्या दोन्ही कोपऱ्यांत चाकांचा धक्का भिंतीला लागू नये म्हणून बसवलेले दगड असतील, तर ते किती गाडले गेले आहेत ते आधी पाहा. गाडीच्या टपावरही प्रवासी बसत, त्यामुळे कमान बुटकी असली की त्यांना वाकावे लागे.

मागची बाजू विसरू नका. रस्त्याकडची रुंदी महाग, म्हणून भूखंड अरुंद आणि खोल. पुढे पेयगृह, मागे पागा, पागेवर गवताचा माळा. घोडे साधारण 10 ते 15 मैलांवर बदलावे लागत, म्हणून पागा प्रशस्त हवी. काही ठिकाणी मागच्या गल्लीत दुसरे दार असे, म्हणजे गाडी चौकात वळवावी लागत नसे.

प्रश्न : दर्शनी भाग विटांचा, तर इमारत अठराव्या शतकातली धरावी का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. जुन्या लाकडी सांगाड्यापुढे विटांचा नवा दर्शनी भाग उभा करण्याची पद्धत होती. माळ्यावर चढा, छपराचे लाकूड खरे वय सांगते.

प्रश्न : अशा सराईच्या कुडाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा का नको? जुने सांधे कसे दुरुस्त करतात?

उत्तर : ओक लाकूड ओले असतानाच तासून सांगाडा उभा करत. ते वाळताना मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, म्हणून सांधे सैल होण्याची भीती. यावर सुतारांचा उपाय फार सुंदर होता. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते; त्या जिभेचे छिद्र खाचेच्या छिद्रापेक्षा दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडायचे. वाळलेल्या ओकची खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो.

लाकूड ऋतूनुसार थोडे हलत राहते. सिमेंट कडक, ते हलत नाही. लाकडाच्या कडेला चीर पडते, पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी लागण्याचा धोका. सर्वांत आधी जमिनीलगतची तळाची तुळई जाते.

आधी बाहेरची जमीन तुळईच्या खाली उतरवा, पाण्याची वाट मोकळी करा. मग टोकदार हत्याराने टोचून सडका भाग ठरवा, तेवढाच कापा आणि नव्या ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. आख्खी तुळई बदलण्याची घाई नको. गिलावा चुन्याचा, एक भाग चुना आणि सुमारे तीन भाग धारदार (टोकदार कणांची) वाळू, पहिल्या थरात जनावरांचे केस मिसळून. प्रत्येक थर 10 मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि ओल्या पोत्याने झाका; झपाट्याने वाळला तर भुसभुशीत होतो. तापमान 5 अंश सेल्सिअसखाली जाणार असेल, तर काम थांबवा.

इमारत संरक्षित यादीत असेल तर तिच्या स्वरूपावर परिणाम करणाऱ्या कामाला आधी स्थानिक नियोजन प्राधिकरणाची संमती लागते. विनासंमती असे काम करणे इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे.