वाय-फायला माणूस पडलेला कळतो का?

प्रश्न : लालबागला चाळीतल्या आमच्या खोलीत आई दिवसभर एकटी असते. मागच्या महिन्यात ती मोरीत घसरून पडली. शेजारच्या काकूंना ते तासाभराने कळले. कॅमेरा तिला मुळीच नको आहे. राउटरच्या लहरींवरून डीप लर्निंगने पडणे ओळखता येते, असे वाचले. ते कितपत खरे आहे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : खरे आहे; मात्र प्रयोगशाळेत ओळखता येणे निराळे आणि तुमच्या खोलीत ओळखता येणे निराळे.

राउटरच्या लहरी भिंती, कपाट आणि माणूस यांवर आपटून अनेक वाटांनी मोबाइलपर्यंत पोहोचतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर असल्याने कोणी नुसता हात उचलला तरी या वाटांची बेरीज बदलते. लहरी घेणारे उपकरण, म्हणजे इथे मोबाइल, हे बदल एरवीही मोजतच असते, कारण त्यावाचून त्याला संदेश नीट उलगडता येत नाही. याच मोजमापांवरून हालचाल ओळखायला न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला, शिकवतात; हेच डीप लर्निंग.

अडचण अशी, की नेटवर्क पडण्याबरोबर खोलीही पाठ करते. लोखंडी कपाट सरकवले किंवा नेटवर्क दुसऱ्या घरात नेले, की त्याचे अंदाज चुकू लागतात. म्हणून संशोधक कच्च्या मोजमापांऐवजी त्यांतून काढलेला शरीराच्या हालचालीचा वेग नेटवर्कला देतात, अनेक खोल्यांतल्या नोंदींवर त्याला शिकवतात आणि नव्या जागी तिथल्या थोड्या नोंदी देऊन पुन्हा घोटवतात. याने पुष्कळ फरक पडतो. तरीही, शिकवण्यासाठी वापरलेले पडणे बहुधा तरुण स्वयंसेवकांनी गादीवर मुद्दाम पडून दाखवलेले असते, आणि भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसलेली वृद्ध बाई त्यात सहसा नसते, हे माझ्या मते सर्वांत मोठे उणे आहे.

चाळीत आणखी एक गुंता आहे. पातळ भिंतीतून लहरी आरपार जातात, त्यामुळे काकूंची ये-जाही त्याच मोजमापांत मिसळेल. आणि कॅमेरा नाकारणाऱ्या आईला हेही सांगायला हवे, की यात चित्र नसले तरी पाळत आहेच.

वाय-फायने हालचाल टिपण्याचे ८०२.११बीएफ हे मानक २०२५ साली मंजूर झाले, त्यामुळे अशी उपकरणे वाढतील. घ्यायचे झाल्यास पंखा चालू ठेवून (त्याची हालचालही मोजमापांत मिसळते) तुमच्याच खोलीत पंधरा दिवस चाचणी मागा, आणि मोरीतल्या हालचाली त्यात धरल्या आहेत का, ते पाहा. तोवर मोरीत धरायला दांडी बसवावी आणि खोलीची एक किल्ली काकूंकडे द्यावी.