जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या टकसाळीत, डुकॅट या युरोपीय सोन्याच्या नाण्याचा बत्तिसावा भाग एवढे चिमुकले सोन्याचे नाणे का पाडले जात असे?

हे नाणे बाजारातील देवघेवीपेक्षा मुख्यतः भेटीदाखल देण्यासाठी होते. पूर्ण डुकॅट सुमारे ३.५ ग्रॅम वजनाचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा असे; त्याचा बत्तिसावा भाग म्हणजे जेमतेम ०.११ ग्रॅम, आपल्या गुंजेहूनही किंचित हलका. इसवी सन १७०० च्या प्रसिद्ध मालिकेतील डुकॅटवर पृथ्वीच्या गोलावर उभे असलेले, ‘पाक्स’ म्हणजे शांती असे लिहिलेला ध्वज धरलेले कोकरू आहे, आणि तेच कोकरू या टिकलीएवढ्या पत्र्यावरही उमटवलेले पाहताना ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या हाताचे मला खरोखर नवल वाटते. बाप्तिस्मा किंवा नववर्षाच्या निमित्ताने अशी नाणी दिली जात, आणि लहान अंशांमुळे बेताच्या ऐपतीच्या माणसालाही सोने भेट देता येई.