ताईला विचारा : शिबिराला पाठवत नाहीत, मग काम करू कुठं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, झूलॉजी घेतलंय, गाव वरोऱ्याकडचं. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव आहे पण आमच्याकडं काम म्हणजे झाडू धरून ग्रुप फोटो, बॅनर गुंडाळलं की घरी. मला खरंच काही करायचंय, पण मुक्कामी शिबिराला बाबा नाही म्हणतात आणि आई म्हणते फुकटच्या कामापेक्षा कापूस वेचायला चाल, दोन पैसे वाचतील. काय करू?

उत्तर : आधी आईवर चिडू नको. दिवाळीनंतर वेचाईला बाया मिळत नाहीत, किलोवर मजुरी द्यावी लागते, तेव्हा घरच्या पोरीचे हात मोजले जाणारच. वेचाईचे दिवस सोडून बाकीचे रविवार माग, ते मिळतील.

आणि लांब कशाला पाहून राहिली, झूलॉजीवाली आहेस ना, मग सिकलसेल धर, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं हा आजार बऱ्याच घरांत आहे, पुस्तकात तू त्याचा तक्ता काढला असशीलच, आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे दोष अंगात पण स्वतः आजारी नाहीत असे, की दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे चारांत एक. गावात याचा अर्थ लोक काय लावतात माहितीये? एक पोरगं आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन सुटली! तसं नसतं, दर खेपेला हिशोब पहिल्यापासून, हे एखाद्या बाईला तिच्या ओसरीवर बसून तिच्या बोलीत समजावणं हे काम बाहेरून आलेल्या डॉक्टरपेक्षा तू चांगलं करशील.

गावच्या आशाताईला भेट, उपकेंद्रात सिस्टरला विचार, तपासणी कधी लागते ते. बोटातलं थेंबभर रक्त नळीतल्या औषधी पाण्यात टाकतात, पाणी गढूळ होऊन नळीमागं धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण यातून वाहक आहे का रुग्ण हे कळत नाही, त्याला पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं ते पाहायची, तपासणी लागते, आणि लोक गळतात ते इथंच. रिपोर्ट येईस्तोवर माणूस कामाला दुसऱ्या गावी गेलेला, फोन नंबर चुकलेला, नाहीतर घरातच कोणी म्हणतं काहून जाता पुन्हा. सुई टोचणं तुझं काम नाही, ते हातात घेऊ पण नको. रजिस्टर नीट लिहिणं, नंबर तिथल्या तिथं लावून पाहणं, राहिलेल्यांना उपकेंद्रात घेऊन जाणं एवढं केलं तरी सिस्टर तुला सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. कोणाचा रिपोर्ट काय आला हे घरी आईलासुद्धा सांगायचं नाही. वाहक माणूस साधारणपणे ठणठणीत असतो पण गावात नुसतं कानावर गेलं तरी पोरीची सोयरीक मोडते, मग पुढच्या वेळी त्या वाड्यातलं कोणी बोट पुढं करत नाही.

मुक्कामी शिबिराची हौस असेल तर बाबा आमटेंचं आनंदवन तुमच्या वरोऱ्यातच आहे, तुझ्या बाबांनाच एकदा दिवसभरासाठी घेऊन जा. आनंदवनाच्याच सोमनाथच्या प्रकल्पात मूल तालुक्यात १९६७ पासून श्रमसंस्कार छावणी, म्हणजे तरुणांचं श्रमदानाचं शिबिर, भरत आली आहे, तीही मे महिन्यात, तेव्हा वावरात वेचाई नसते म्हणजे आईचा मुद्दा आपोआप गेला. सोबत दोन मैत्रिणी असल्या तर बाबाही ढिले पडतील असं मला वाटते. गडचिरोलीच्या सर्च संस्थेचा तरुणांसाठीचा उपक्रम 'निर्माण' २००६ पासून चालू आहे, तिथं अर्ज भरून निवड होते, ते पदवीच्या शेवटच्या वर्षात बघ, आत्ता घाई नको.

प्रश्न : एनएसएस एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट मिळते का? मी फर्स्ट इयरला आहे, जिल्हा गोंदिया.

उत्तर : नाही रे भाऊ, दोन वर्षं लागतात. वर्षाला १२० तास म्हणजे एकूण २४० आणि शिवाय ७ दिवसांचं विशेष शिबिर एकदा तरी, एवढं झालं पाहिजे. तास त्याच आठवड्यात डायरीत लिहून प्रोग्राम ऑफिसर सरांची सही घेत जा, नाहीतर मार्चमध्ये अर्धा वर्ग आठवून आठवून तास लिहीत बसतो आणि सर प्रॅक्टिकलच्या ड्युटीवर असतात.