इथेनॉलनंतर उरलेल्या स्पेंटवॉशपासून (डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून) बायोगॅस काढला तर त्यातलं खत वाया जातं का?

नाही, खतमूल्य जवळपास तसंच राहतं. गॅसमध्ये निघून जातो तो मुख्यतः कार्बन आणि थोडं गंधक. पोटॅश, स्फुरद काही वायू होऊन उडत नाहीत, आणि नत्रही बरचसं अमोनियाच्या रूपात द्रवातच राहतं.

मळीवर (मोलॅसिसवर) चालणाऱ्या डिस्टिलरीत एक लिटर इथेनॉलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो: गडद तपकिरी, आंबट वासाचा, पीएच 4 ते 4.5, आणि इथेनॉल वेगळं करणाऱ्या कॉलममधून बाहेर येताना हात लावायची सोय नाही इतका गरम. सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) लिटरला 1 लाख मिलिग्रॅमच्या घरात. हा स्पेंटवॉश थंड करून डायजेस्टरला (जिवाणूंकडून गॅस बनवणाऱ्या बंद टाकीला) सोडला की सीओडी साधारण 60-70 टक्के उतरतो आणि सुमारे 60 टक्के मिथेन असलेला गॅस मिळतो. हा गॅस डिस्टिलरीच्याच बॉयलरला जातो. इंजिनावर चालवायचा असेल तर आधी स्क्रबरने (गॅस धुणाऱ्या यंत्राने) त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढा, नाहीतर इंजिनाची वाट लागते. उरलेला द्रव प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारून कंपोस्ट करतात. ओढ्यात मात्र सोडायचा नाही. गॅस काढल्यावरही तपकिरी रंग आणि क्षार तसेच असतात.

एक अट आहे. कारखान्यात स्पेंटवॉश आटवून जाळणारा बॉयलर असेल, तर आधी गॅस काढल्याने स्पेंटवॉशची जळणाची ताकद घटते. तिथे पोटॅश राखेतून परत मिळतं, पण नत्र जळून जातं. शेतीला नत्रही हवं असेल तर माझं मत डायजेस्टर आणि कंपोस्टच्या बाजूने.